नातेवाईकाचा रकाना

चि. बारक्यास,

आत्याचा आशीर्वाद, पण अर्धाच. उरलेला अर्धा तू तुझा तो प्रोग्राम नीट केल्यावर मिळेल. आज तिसरा दिवस, मला माझ्याच कामावर जाता येत नाही. हॉस्पिटलच्या फाटकातलं यंत्र माझं कार्ड घेत नाही, आणि फाटकावरचा रखवालदार, जो एरवी मला बघून सिगारेट लपवतो, तो मान खाली घालून म्हणतो, "मावशी, वाईट झालं." काय वाईट झालं? तर माझी बहीण वारली. मला बहीण नाही हे तुला ठाऊक आहे, तुझ्या बापाला ठाऊक आहे, तुझ्या प्रोग्रामला तेवढं ठाऊक नाही. (तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला? तू वेळेवर जेवतोस का? विचारायची रीत आहे म्हणून विचारते, राग गेलेला नाही.)

मागं जेवायला बसून तू जी फुशारकी मारलीस ती मी विसरले नाही. पूर्वी म्हणे सगळी माहिती एका गोदामात असायची आणि गोदामाची भाषा वेगळी. प्रोग्राम लिहिणारा आपल्या भाषेत लिहायचा, आणि काही हवं असलं की मधेच गोदामाच्या भाषेतली चिठ्ठी खुपसायचा. चिठ्ठी चुकली तर आत गेल्यावरच कळायचं. आता प्रश्न विचारायची सोय प्रोग्रामच्या भाषेतच घातली आहे, चुकलं की लिहितानाच लाल रेघ येते, मधे कोणी लागत नाही. आमच्याकडे मधे चष्मा होता. (रेकॉर्डमधला कारकून. नाव काय ते मी अठरा वर्षांत विचारलं नाही.) मी प्रेतांच्या थंड खोलीतून वर जाऊन सांगायचे, बेवारस कोण कोण ते काढून दे. तो चिठ्ठी लिहायच्या आधी मान वर करायचा. "बेवारस म्हणजे कोण, मावशी? कागदावर कोणी नाही ते, की खरंच कोणी नाही ते?" मी म्हणायचे, डोकं नको खाऊ, काढ. पण विचारायचा तरी. तुझा प्रोग्राम आला आणि चष्म्याला भांडारात धाडलं, तिथं तो बल्ब मोजतो. तुझी लाल रेघ उलट काही विचारत नाही. तुझा प्रश्न असा: नातेवाईकाचा रकाना रिकामा आणि पंधरा दिवस पूर्ण. अक्षर न अक्षर बरोबर, आणि प्रश्नच चुकीचा.

आता सोमवारचं ऐक. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बेवारसांची यादी पाहिली, सात नावं, सही केली. मी सात जणांना कप्प्यांतून काढून दाराशी आणून ठेवलं. (माझी कंबर कशी आहे हे तू विचारलं नाहीस.) साडेबाराला पुरायला नेणारी गाडी आली. ड्रायव्हरनं मोबाइलवर यादी उघडली, तर आठ. आठवी कोण, तर आमची कर्णा. धोबीखान्यातली, आवाज असा की चादरी तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकताना रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची. एकोणीस वर्षं आमचं पटलं नाही. निवृत्त झाली, एकटी राहायची, शेवटी आमच्याच वॉर्डात येऊन पडली. मी एकदा बघायला गेले तर म्हणाली, "या चादरी कोणी धुतल्या गं, तुझ्या खोलीतल्या बऱ्या असतील." भांडून परत आले. मग ती खालीच आली, माझ्या कप्प्यात. सोमवारी बाराच्या ठोक्याला तिचे पंधरा दिवस भरले.

मी म्हटलं, कागदावर सात. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, यादीत आठ आहेत, मी आठ घेऊन जाणार." डॉक्टरांकडे पळाले. त्यांच्या पडद्यावरही आठ, आणि खाली त्यांची सही. "सही तर माझीच आहे," म्हणाले आणि स्वतःच्याच सहीकडे बघत बसले. तुला फोन केला तर तू कौतुकानं सांगतोस, आत्या, प्रश्न लिहिला म्हणजे विचारला असं नसतं, कोणी उत्तर मागेल तेव्हाच तो विचारला जातो, म्हणून उत्तर नेहमी ताजं. अरे, माणसानं सकाळच्या उत्तरावर सही केली होती, तुझ्या ताजेपणावर नाही! सगळं हॉस्पिटल कर्णाला ओळखतं, पण 'ओळखतं' असा रकानाच नाही.

मग मी नोंदणीच्या टेबलावरची मुलगी पाणी प्यायला गेलेली बघून तिच्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं रकाना भरला. नातं: बहीण. नाव: माझं. ड्रायव्हरनं परत उघडलं, सात. गेला.

पण पगाराच्या खोलीतही तुझाच प्रोग्राम. त्यानं विचारलं, कोणाच्या घरचं कोण गेलं, आणि मला सात दिवस दुःखाची रजा लावली. माझ्या जागी बदली म्हणून जो आणलाय तो थंड खोलीचं दार उघडं टाकून जेवायला जातो. धोबीखान्यातल्या बाया घरी येऊन रडून गेल्या. मी कपाळाला हात लावून बसले, तर त्यांना वाटलं मी दुःखात आहे.

तेव्हा माझं नाव काढ आणि रजा रद्द कर. कर्णाची सख्खी बहीण, जिचा नंबर त्या बायांनीच दिला, परगावाहून निघाली आहे, तिला तिचं माणूस मिळालं पाहिजे.

तुझी आत्या

ता. क. नाव काढू नकोस. बहीण निघालेली नाही. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाली, राँग नंबर. दुसऱ्यांदा म्हणाली, ती आमची कोणी नाही. राँग नंबरवाली बाई असं म्हणत नाही.

आणखी एक. नातेवाईकाचं नाव लागलं की न्यायला दहा दिवसांची मुदत, म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत मी तिला नेलं नाही तर ती परत यादीत जाईल. मी न्यायला तयार आहे, पण तुझा प्रोग्राम ताबा देताना दोन नातेवाईक मागतो. अट तूच घातलीस, चांगल्या हेतूनं घातली असशील. मी तिची बहीण, म्हणजे तू तिचा भाचा. रजा काढून ये आणि माझ्या नावाखाली सही कर. प्रोग्राममध्ये खाडाखोड करून अट काढलीस तर घरात पाऊल टाकू नकोस. तिच्यामागे दोन माणसं खरोखर उभी राहायला हवीत. येतोस की नाही ते मंगळवारपर्यंत कळव.