फॉइल उचलायचा रविवार

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी कोपरच्या आपल्या दोन खोल्यांतला तो एक रविवार मला सोडत नाही.

मी नववीत होते. तारा फुटताना त्याच्या आत अणुकेंद्रं एकमेकांवर आदळून कशी बदलतात, ते तुमच्या लॅबमध्ये यंत्रावर मोजायचे. प्रोटॉनांचा झोत ज्यावर सोडायचा ती कार्बनची फॉइल तयार करणं हे तुमचं काम. केसापेक्षा कितीतरी पातळ. काचपट्टीवर चढवलेला तो थर पाण्यावर सोडवायचा आणि चौकटीवर अलगद उचलायचा. लॅबमध्ये पंपांमुळे पाणी थरथरतं म्हणून तुम्ही पट्ट्या घरी आणायचात आणि आईची कणकेची परात घ्यायचात. वेळही ठरलेली. रविवारी सकाळी मालिका लागली की सगळी बिल्डिंग टीव्हीसमोर बसायची, जिन्यात पाऊल वाजायचं नाही. मे महिना, आणि पंखा बंद.

आईला दोन महिने खोकला होता. एक्स-रेसाठी तिला कल्याणला न्यायचं तुम्ही दोनदा पुढे ढकललं होतंत, यंत्रावरची तुमची झोताची पाळी होऊ दे म्हणून. त्या दिवशी तिला उबळ आली, पाणी हललं, फॉइल चुरगळली. तुम्ही ओरडला नाहीत. मान वर न करता म्हणालात, "थोडा वेळ बाहेर बसतेस का?"

"बसते. तिकडे तारे फुटलेले चालतात, इथे तुमची फॉइल फाटायला नको."

ती जिन्यात जाऊन बसली. आपण दोघांनी पाच फॉइल उचलल्या. त्यातल्या चार पहिल्याच दिवशी झोताखाली फाटल्या आणि तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. आईच्या फुप्फुसात गाठ निघाली, उशीर झालाय असं डॉक्टर म्हणाले, त्या संध्याकाळी मात्र तुम्ही नेहमीसारखे जेवलात. मी समोरच बसले होते. दिवाळीच्या आधी ती गेली.

आजारी बायकोला घराबाहेर बसवलं, असं मी तुमच्याबद्दल सांगते. खोटं नाही ते. पण तिसरी फॉइल सुटत होती तेव्हा आईने दार किलकिलं केलं. तुमची पाठ होती. तिने खुणेनेच माझ्याकडे पाणी मागितलं. धुरकट तुकडा परातीत पसरत होता, आणि तुम्ही पहिल्यांदाच चौकट माझ्या हातात दिली होती. मी मानेनेच नाही म्हटलं. तिने आवाज न करता दार ओढून घेतलं.

हे मी कुणाला सांगत नाही. अजूनही फक्त तुमचंच सांगते.