सासूबाईंचा खणखणाट

२ जून, सोमवार
सकाळपासून स्वयंपाकघरात खणखणाट! वर्गात मी पोरांकडून घोकून घेते – पानांची सळसळ, नाण्यांचा छनछनाट, तलवारींचा खणखणाट. आमच्या घरात तलवारी नाहीत, पराती आहेत. सासूबाई तोंडाने बोलत नाहीत, भांडी आदळतात. सुनेला बरोबर अर्थ कळतो.

शाळा उघडत आली. लेक अक्षता चार महिन्यांची. तिला सासूबाईंजवळ ठेवूनच मला वडीगोद्रीच्या शाळेत जावं लागणार. विचारलं, "आत्या, सांभाळाल ना?"

"बघू." आणि लगेच परात दाणकन खाली!

५ जून
राजानंद कारखान्यावरून आल्या आल्या त्याच्यापुढे गाऱ्हाणं घातलं. म्हणे, "राग न्हाई गं तो. आईचा हातच जड हाय." नवऱ्यांना आपल्या आईचा राग कधी दिसलाय?

एवढ्या गोंगाटात माझी लेक मात्र ढाराढूर. शेजारच्या नंदाबाई म्हणाल्या, "लई गुणाचं लेकरू. नशीब काढलंस!" तेवढंच एक सुख.

६ जून
डोकं दुखतंय. खणखणाट चालूच.

८ जून
आज कहर झाला. मी पाळण्याशी बसलेली, आणि सासूबाईंनी दारात उभं राहून थाळीवर पळी हाणली. पुन्हा पुन्हा. भडकलेच मी – "नोकरी सोडते, मग तर थांबेल ना हे?" त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

९ जून
मागच्या अंगणात कपडे काढत होते. खिडकीतून दिसलं – सासूबाई पाळण्याच्या उशाशी, अक्षताला दिसणार नाही अशा उभ्या. हातात थाळी. अक्षता जागी होती, वर टांगलेल्या कापडी चिमण्यांकडे बघून हसत होती. थाळी कडाडली. तिची पापणीही लवली नाही. हसतच राहिली.

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

धावत आत गेले. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यातून आणली तवा उंबऱ्यात थाळी वाजवली ना आपण, तवाच दचकली न्हाई. म्हणलं, लहान हाय. तवापासून रोज वाजवून बघून राह्यले. तुला कसं सांगू, माय?"

त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. राजानंद म्हणाला, जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, परवाच. पण मला अजून खरं वाटत नाही. मानायचंच नाही.

१० जून
आज थाळी मी वाजवली. होता नव्हता तेवढा जोर लावून. दचकल्या त्या फक्त सासूबाई.