सासूबाईंची बाटली

सोमवार, ६ मार्च

नाहीच लागलं! पुन्हा अंधार!

प्रोटीनला चमकणारा रंग जोडायचा, एवढंच तर काम. मधला जोडक मी स्वतः बनवलाय. त्याचं एक टोक प्रोटीनला चिकटतं, दुसऱ्या टोकाला हूक. रंगाच्या शेपटीला त्यात अडकणारं अझाइड नावाचं रसायन. हूक आणि अझाइड समोरासमोर आले की टिचबटणासारखे आपोआप बसतात — म्हणून तर याला क्लिक केमिस्ट्री म्हणायचं. सगळ्या जगाचे बसतात. माझेच बसत नाहीत!

आणि प्रोटीन कुणाचं? सासूबाईंचं! लॅबमध्ये ‘मॅडम’, घरी ‘आई’. अर्धी नोकरी खपून त्यांनी ही अँटिबॉडी तयार केली. महिनाअखेरीला निवृत्त होतायत. “एकदा पेशींवर चमकताना दिसली की मी सुटले,” म्हणतात. माझी पाचावर धारण.

बुधवार, ८ मार्च

जोडक नव्याने बनवला. अंधार.

शुक्रवार, १० मार्च

नवरा म्हणे, “आईच्या प्रोटीनच्या बाटलीतच काही गडबड नसेल ना? विचार की सरळ.”

विचार की सरळ! लग्नाला चार वर्षं झाली, त्यांची भाजी खारट असते हेसुद्धा मी अजून बोललेले नाही. पाण्याबरोबर गिळते.

मंगळवार, २१ मार्च

रंगही बदलून पाहिला. मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या. “काय गं, काही विचारायचंय?”

“नाही मॅडम, सगळं छान!”

छान कसलं डोंबलाचं!

सोमवार, २७ मार्च

विचारलं! जिन्यात गाठून एका दमात — “मॅडम, तुमच्या बाटलीत प्रोटीनशिवाय काय असतं?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “चिमूटभर सोडियम अझाइड. बुरशी धरू नये म्हणून घालते. जुनी सवय.”

अझाइड! म्हणजे माझे सगळे हूक या फुकट्याने आधीच पटकावलेले! रंग येईपर्यंत जागाच शिल्लक नाही. मी पायरीवर मटकन बसले आणि हसत सुटले. त्याही हसल्या. मग दोघींनी मिळून ते अझाइड धुऊन काढलं आणि जोडक नव्याने घातला.

गुरुवार, ३० मार्च

चमकली!! एकेका पेशीची कड हिरवीगार! मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. चष्मा पुसायच्या, बघायच्या, परत पुसायच्या.

“आई, आता मला बघू द्या ना!”

लॅबमध्ये ‘आई’ — सगळ्यांदेखत! जीभ चावली. पण त्या लगेच सरकल्या, अर्धी खुर्ची मला दिली. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

शुक्रवार, ३१ मार्च

निरोप समारंभ झाला. प्रोटीनच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवत आई कानाशी म्हणाल्या, “अझाइडचं मला पहिल्याच अंधाराला कळलं होतं. तू कधी विचारतेस, तेवढं बघत होते.”

रात्री जेवताना मी म्हटलं, “आई, भाजी खारट आहे.”

“चार वर्षं लावलीस!” म्हणाल्या.