भरीस घालणारी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. मी मजेत. तुझा गुडघा कसा आहे ते वहिनीकडून कळतं. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागेल.

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचं काम 'ई'वर आलंय. या आठवड्यात माझ्या वाट्याला आलं 'एग ऑन'. अर्थ : एखाद्याला भरीस घालणं, तेही बहुधा नको त्या कामाला. वापराचं उदाहरण शोधायला बसले आणि तुझंच वाक्य आठवलं, ''माझ्या पोराला तूच भरीस घातलंस.'' कोशात घेतलं नाही, घाबरू नकोस.

यात अंडं कुठून आलं, असं आमच्या टायपिस्टबाईंनी विचारलं. पूर्वी लोक अंडी फेकून चेव आणत असतील, हा त्यांचाच तर्क. संपादकांनी जाडजूड ग्रंथ उघडून सांगितलं, अंड्याचा काडीचा संबंध नाही. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून आलेलं हे क्रियापद, 'धार' या अर्थाच्या शब्दाचं सख्खं भावंड.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. धार लावायला आधी पातं लागतं. लाटणं कितीही घासलं तरी त्यानं कांदा चिरला जात नाही. तुझा लेक विम्याच्या कचेरीत बसून पावाच्या पिठाचंच बोलायचा. तरी कबूल करते, राजीनामा दे असं मीच म्हटलं. दोनदा.

पण मी हे शिकले कोणाकडून? अप्पांना माझी ही नोकरी नको होती. मुलाखतीच्या सकाळी मागचं दार उघडून माझ्या हातात चपला कोणी दिल्या? ''जा गं, अप्पांचं मी बघतो,'' म्हणालास. अप्पा माझ्याशी संध्याकाळीच बोलले. तुझ्याशी महिनाभर नाही. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस, मीही नाही.

त्याची बेकरी रविवारी उघडतेय. भट्टी तापवून पाहिली, पाटी लागली. पण पहिला पाव बाबांच्या हातात दिल्याशिवाय विकणार नाही, म्हणून पठ्ठ्या अडून बसलाय. हे मी शिकवलेलं नाही. हट्ट आपल्या घरचाच.

वहिनीला मात्र भरीस घातलंय. तुझा निळा सदरा इस्त्री करून ठेवील. गिऱ्हाइकं खोळंबतील, लवकर ये.

तूच धार लावलेली,
बारकी