बोट माझ्या नावावर, सुकाणू दिराच्या हाती

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धक्क्यावर बोटींचे नोंदणी क्रमांक छत्तीस वर्षे रंगवले. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण होते ते न लिहिण्याचे.

१. राहते घर शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना. कारण कलम तीनमध्ये.

२. कुंचले आणि आकड्यांचे साचे शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्याला. त्याचा इंग्रजी तीन आठासारखा दिसतो. नोंदणी कार्यालय असली बोट परत पाठवते. आकडे दोन्ही बाजूंना, लांबून वाचता आले पाहिजेत.

३. सहलीची मोटारबोट कागदोपत्री माझी आहे. धाकट्या दिराचा परवाना रद्द झालेला, त्याच्या नावावर नोंदणी होईना. "वहिनी, नुसती एक सही. बोट काय तुम्हाला चालवायची आहे?" सही केली, क्रमांकही मीच रंगवला. त्या उन्हाळ्यात त्याने भरधाव बोट पोहत असलेल्या या चित्रकलेच्या बाईंच्या अंगावर घातली आणि न थांबता निघून गेला. त्यांचा डावा पाय गेला. काठावरच्यांनी क्रमांक टिपून घेतला. तो अगदी स्वच्छ वाचता येत होता.

अधिकारी दारात आले तेव्हा आमचे हे मला आत नेऊन म्हणाले, "धाकटा तुरुंगात गेला तर आई जीव देईल. तू चालवत होतीस म्हणून सांग." सांगितले. आठ महिने तुरुंगात काढले. सुटल्यापासून दर शनिवारी बाईंकडे जाते. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, ठाऊक आहे मला," म्हणत त्या चहा पुढे करतात. मी न केलेल्या गोष्टीची माफी नऊ वर्षे मान खाली घालून घेते आहे. बोलावे तर घरच्यांचे बिंग फुटते, न बोलावे तर तो चहा घशाखाली उतरत नाही. सासूबाई गेल्या, हेही गेले. दीर मला पाहून रस्ता ओलांडतो.

बोट मी चालवत नव्हते. मला चालवताच येत नाही.

४. बोट दिराला. हस्तांतराच्या अर्जावर माझी सही केलेली आहे. नव्या मालकाचे नाव त्याने स्वतःच्या हाताने भरावे.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. कलम तीन मात्र येत्या शनिवारी मी बाईंना स्वतः वाचून दाखवणार आहे. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावले, तरी घर त्यांचेच.

साक्षीदार: इंजिन दुरुस्त करणारे मिस्त्री; औषधांच्या दुकानातल्या बाई. दोघांसमोर सही केली, मजकूर दाखवला नाही.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. मंगळवार, ९ जून.

(सही)