कोठाराची सुधारणा

३ मार्च, संध्याकाळी ६
लेकीच्या ऑनलाइन गेममध्ये शिरलो. तिनेच तिच्या टोळीत घेतलं. बावीस माणसं, एक किल्ला, एक सामाईक कोठार. लोखंड, औषध, ज्याला लागेल त्याने न्यावं. मोजमाप नाही! वीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोय, असला गलथानपणा पाहिला नव्हता.
लेक घरात दिवसाला चार शब्द बोलते. गेममध्ये आज तासभर बोलली. जीव सुखावला. संकल्प: बाप काय चीज आहे ते तिला दाखवायचं.

६ मार्च
टोळीला अर्थमंत्री हवा, असं मीच सुचवलं. मीच निवडून आलो. विरोधात एकच मत, लेकीचं. घराणेशाही दिसू नये म्हणून असणार.
कोठार बंद, बाजार सुरू. टोळीतला हातोडा (हे गेममधलं नाव, एरवी प्लंबर) म्हणाला, पण काका, कोठारावरून भांडण होतं कुठे? काय बोलणार अशा माणसाशी!

९ मार्च
लेक टोळीची वैद्य. जखमी दिसला की पदरचं औषध पाजते, फुकट! बाजारभाव बोंबलला. सेटिंगमध्ये नियम टाकला: फुकट औषध दिलं की ताकीद, तीन ताकिदींनंतर आपोआप हकालपट्टी.
जेवताना लेक म्हणाली, बाबा, रविवारी आपल्या किल्ल्यावर हल्ला आहे, तो नियम काढा. म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ताट घेऊन खोलीत गेली. विचार करायला गेली असावी.

१४ मार्च
हल्ला उद्यावर. औषधाचा भाव तिप्पट केला. मागणी वाढली की भाव वाढणारच. सकाळपासून दहा वेळा भाव तपासले. उत्साह, दुसरं काय.

१५ मार्च, रविवार, दुपारी ३.४०
शत्रू दारात. हातोडा एकटा दरवाजा धरून आहे, रक्तबंबाळ. उधार औषध मागतोय. दिलं नाही. धोरण म्हणजे धोरण.

३.४६
लेकीने त्याला पाजलं. पहिली ताकीद. पलीकडच्या खोलीतून ओरडतेय, बाबा, नियम काढा! सेटिंग सापडत नाहीये.

३.४९
आणखी एकाला पाजलं. दुसरी. सगळे मेनू उघडून पाहिले. अहो, कुठे गेलं ते बटण!

३.५१
बाण मलाच लागला. पडलो. औषधाचा भाव बघत होतो, तेवढ्यात तिने मला फुकट पाजून उठवलं. तिसरी.

३.५२
लेक बाहेर. तिनेच उभारलेल्या किल्ल्याच्या बाहेर. दरवाजा पडला.

१६ मार्च
कोठारात औषधाच्या चारशे बाटल्या पडून होत्या. एकही विकली गेली नव्हती. शत्रूने सगळ्या नेल्या. मुद्दा लक्षात घ्या: माझ्या काळात साठा कमी पडला नाही.
टोळीत आता मी एकटा. निर्णय पटापट होतात.

१८ मार्च, संध्याकाळी ५
लेकीने नवी टोळी काढली. सगळे तिकडेच. तिच्या खोलीतून हसणं ऐकू येतं. जेवणसुद्धा ती तिथेच घेते. शेवटी दार वाजवलं. म्हटलं, मलाही घे ना.
ती म्हणाली, तिथे सगळं फुकट असतं बाबा, तुम्हाला नाही परवडायचं.
परवडेल गं, म्हटलं. पण तोवर तिने हेडफोन लावले होते.