गोलातली फुली

ती. अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा कुरकुरतो म्हणून तूर्त कागदावरच). भावोजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद. अंगठ्याएवढं अक्षर बघून 'याला कागद फुकट मिळतो वाटतं' असं म्हणशील. म्हण. कारण आहे, शेवटी सांगेन. तुझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त हल्लीच्या सुयांना भोकंच धड पाडत नाहीत असं तू लिहिलंस. वाचून सुया करणाऱ्यांचा मलाही राग आला. आमची हकीकत जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बस (साखर बेताचीच टाक).

तर गेल्या महिन्यात मी आमचं पुढचं दार रंगवलं. जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या, पण घरच्या दारासाठी हिला अकरा वर्षं भुणभुण करावी लागली. गडद हिरवा रंग, दोन हात, असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. रंग वाळतो न वाळतो तोच आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरोघर तपासणी करत आल्या. रक्तदाब, साखर, डोळे, सगळं दारातच. मी मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांमागे जाऊन बसलो. तुला म्हणून सांगतो, घाबरलो होतो. चार महिन्यांपासून माझी रेघ हलत होती. औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची खालची ओळ पार उताराला लागली आणि मी शिव्या घातल्या ब्रशला. डोळ्यांत काही निघालं आणि काम बंद करा म्हणाले, तर मी करू काय? दुसरं मला येतं काय? हिने नाइलाजाने 'घरी नाहीत' म्हणून सांगितलं. नर्सबाईंनी खडू काढला आणि माझ्या नव्याकोऱ्या दारावर घराचा नंबर, माणसं चार आणि एक वाकडातिकडा गोल, गोलात फुली, एवढं काढून त्या निघून गेल्या.

तो गोल मला बघवेना. पुसावा तर सरकारी खूण, ठेवावा तर दाराची शोभा जाते. मग मधला मार्ग काढला. तीच खूण ऑइलपेंटने रंगवली. पिवळा गोल, पांढरी फुली, खाली काळी सावली, भोवती वेलबुट्टी (गोल चांगला परातीएवढा घेतला, म्हणून डोळ्यांनी दगा दिला नाही). शेजारच्या शिंप्याला तो इतका आवडला की त्याने आपल्या दारावर तस्साच काढून घेतला. मग समोरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी. चार दिवसांत सात दारं झाली. गल्लीला काय कळा आली म्हणून सांगू!

आता त्या खुणेचा अर्थ 'या घरातला एक माणूस तपासायचा राहिला आहे, पुन्हा या' असा होतो, हे मला कोण सांगणार? तिकडे केंद्रात बोभाटा झाला की अख्ख्या गल्लीने तपासणी टाळली. नर्सबाई परत आल्या. मग बाळांना लस देणाऱ्या, मग गरोदर बायकांची विचारपूस करणाऱ्या, मग टाकीचं पाणी तपासायला बाटलीत भरून नेणारे, आणि शेवटी खुद्द डॉक्टर. शिंप्याचा रक्तदाब आठवड्यात पाच वेळा मोजला, पाचव्यांदा तो खरंच वाढला. मास्तरीणबाईंना या वयात कुणीतरी 'कितवा महिना?' विचारलं. शेवटी खुणेचा अर्थ कळला आणि गल्लीनेच मला धरून केंद्रात नेलं. पुढे शिंपी, मागे मास्तरीणबाई, पळायला वाव नाही.

तरी मी निर्धास्त होतो. तिथला डोळ्यांचा तक्ता बारा वर्षांपूर्वी मीच रंगवलेला, शेवटची ओळ तोंडपाठ. एक डोळा झाकला आणि घडाघडा म्हणून टाकली. नर्सबाई म्हणाल्या, "काका, तक्ता दोन वर्षांपूर्वीच बदललाय. यात अक्षर एकही नाही." नव्या तक्त्यात म्हणे नुसत्या तीन दात्यांच्या फण्या आहेत, कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली. मला भिंत दिसत होती, एवढं खरं.

बोट टोचलं. साखर निघाली, आणि चांगली घसघशीत. तीच डोळ्यांत उतरलेली. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, वेळेत सापडलात, आणखी वर्षभर ब्रशला शिव्या देत बसला असतात तर तो कायमचा खाली ठेवावा लागला असता. चिठ्ठी देऊन त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे डोळ्यांवर इलाज चालू आहे. गोळ्या केंद्रातून मिळतात. नर्सबाई पंधरवड्याला घरी येऊन माझे पाय बघतात, हिला जेवणाचं समजावतात (ही आता माझ्याशी बोलतानासुद्धा साखर वापरत नाही). मला वाटायचं, केंद्र म्हणजे पोरांना टोचून रडवायची जागा. ती माणसं तर आपण अंथरूण धरायच्या आधीच दारात येऊन उभी राहतात, आणि मी डब्यांमागे! फार लाज वाटली गं. काल पुन्हा ब्रश धरला. रेघ बऱ्यापैकी सरळ आली आणि मला रडूच फुटलं.

बाकी सगळं क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. माझा ब्रश चांगलाच होता, अक्का. तुझ्या सुयाही चांगल्याच असतील. नर्सबाईंनी विचारलं, भावंडांत कुणाला साखर आहे का? मी ठोकून दिलं, नाही. घरी आल्यावर आठवलं, तुला कधी कुणी तपासलेलंच नाही.

दुसरा ता. क. मोठ्या अक्षराचं कारण आता सांगतो. हे पत्र म्हणजे डोळ्यांचा तक्ता आहे. दर परिच्छेदाला अक्षर एकेक माप बारीक करत आणलंय. या ओळी मुंगीएवढ्या आहेत (त्या हिच्याकडून लिहून घेतल्या, मला अजून झेपत नाहीत).

तिसरा ता. क. सूनबाई, हे तूच वाचून दाखवते आहेस ना? 'चष्मा कुठे ठेवला कोण जाणे' म्हणत सासूबाईंनी ज्या ओळीवर कागद तुझ्या हातात दिला, तिथे एक गोल काढ आणि गोलात फुली मार. मग कागद आणि सासूबाई, दोन्ही घेऊन उद्या सकाळीच तुमच्या केंद्रात जा. नर्सबाईंना काही सांगावं लागणार नाही. खूण बघूनच त्यांना कळेल, एक माणूस तपासायचा राहिला आहे.